ब्राह्म्सची भजी

निमगाव केतकीत नाना मिसाळांच्या ओट्यावर रोज दुपारी ब्राह्म्स वाजायचा.

नाना लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले. पोटाशी धरून फुंकायचं एक दांडगं पितळी वाद्य ते वाजवत. गावात त्याला सगळे 'नानांचा भोंगा' म्हणत आणि नाना दर वेळी "युफोनियम" अशी दुरुस्ती करत. तरुणपणी पचमढीला बँडचं शिक्षण घेताना डिसूझा नावाच्या बँडमास्तरांनी त्यांना एका रविवारी घरी बोलावून ब्राह्म्स नावाच्या जुन्या संगीतकाराची एक तबकडी ऐकवली होती. एक व्हायोलिन आणि एक पियानो, बास. ना ढोल, ना झांज. वाजवणारा कुणी म्हातारा रशियन. नाना तेव्हा नुकतेच घरापासून लांब गेले होते. ते वाजणं ऐकून त्यांना गावाची इतकी आठवण आली, की बाहेर येऊन ते पिंपळाखाली तोंड फिरवून उभे राहिले. मग त्यांनी डिसूझांच्या हातापाया पडून ती तबकडी टेपवर उतरवून घेतली. पुढं मुलानं, बुद्धभूषणनं, टेपवरून पेन ड्राइव्हवर घेतली. तबकडीची खरखर टेपमध्ये आली, टेपची पेन ड्राइव्हमध्ये, आणि नानांच्या लेखी ती खरखरही ब्राह्म्सनंच लिहून ठेवली होती.

शेजारच्या मळ्यातला म्हस्कू देवकाते पहिल्यांदा ओट्यावर आला तो मांजर शोधत.

"नाना, मांजर कुठं अडकलंय का वो?"

"मांजर न्हाय. व्हायोलिन हाय. ब्राह्म्सचं."

"ब्रह्म्यांचं? पुण्याच्या?"

"जर्मनीच्या."

"तितं बी पोचले का!" म्हस्कू म्हणाला आणि चहा येईपर्यंत टेकला.

म्हस्कूच्या आज्या-पणज्यांनी मेंढरं राखली. म्हस्कूनं डाळिंबाची बाग केली, चार जर्सी गायी बांधल्या, आणि दुपारी बारा ते तीन त्याला काही काम नसे. नानांना तर दिवसभरच नसे. चहा पिता पिता नानांनी सांगितलं, की ह्या ब्राह्म्सवर शूमान नावाच्या थोर माणसानं लई जीव लावला. त्याची बायको क्लारा, ती पियानो वाजवण्यात पटाईत. शूमान गेला. पदरात पोरांचा घोळका. ब्राह्म्सनं त्या घराला आधार दिला, जन्मभर त्या बाईवर जीव ठेवला, पण लग्न ना तिच्याशी केलं, ना दुसऱ्या कुणाशी.

म्हस्कूनं कप खाली ठेवला. "मंग सुमनबाईंच्या मनात काय व्हतं?"

"शूमान. सुमन न्हाय."

"तेच. तिच्या मनात काय व्हतं?"

"ते कुनाला ठाव!"

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला म्हस्कू हजर. "लावा, सुमनबाईंचं लावा." आणि त्यानंतर त्याचा नेम चुकला नाही. तो उकिडवा बसून, पागोटं मांडीवर ठेवून, डोळे मिटून ऐकायचा. मधेच म्हणायचा, "हितं बाई रागावली." नाना म्हणायचे, "हितं मेजर सुरांचं मायनर झालं." दोघंही बरोबर असायचे, त्यामुळं भांडण व्हायचं कारण नव्हतं.

भांडण आणलं नानांच्या लेकीनं. तेजश्री बारामतीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. बापाच्या वाढदिवसाला ती एक चांगला स्पीकर घेऊन आली आणि फोनवर ब्राह्म्सच्या त्याच व्हायोलिन-पियानोच्या सोनाट्याचं ताजं रेकॉर्डिंग लावून दिलं. व्हायोलिनवर कोरियाची तरुण मुलगी, पियानोवर तिचीच मैत्रीण. आवाज असा स्वच्छ, की व्हायोलिनवालीचा श्वास ऐकू यावा.

तेजश्री परत गेली आणि म्हस्कूनं नवीच मागणी सुरू केली.

"नाना, आज पोरींचं लावा."

"आधी म्हाताऱ्याचं ऐक."

"ऐकलं की वर्सभर. त्यात कुनीतरी भजी तळतंय वो! निस्ती चर्रर्र चर्रर्र. पोरींचं कसं, हिरीच्या तळाचा खडा दिसतोय."

नाना तसे शांत माणूस. पण पचमढीचा तो रविवार, तो पिंपळ, डिसूझा मास्तर, सगळं एका भज्यात बुडालेलं त्यांना सहन झालं नाही. दोन-तीन दिवस त्यांनी दम धरला. चौथ्या दिवशी म्हस्कू पुन्हा म्हणाला, "भजी नकोत आज," आणि नानांच्या तोंडून निघून गेलं:

"मेंढरामागं हिंडणाऱ्याला काय कळतंय ह्यातलं!"

पियानो वाजतच होता. म्हस्कूनं मांडीवरचं पागोटं उचललं, डोक्यावर नीट बसवलं, आणि "येतो" एवढंच म्हणून ओटा उतरला. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले. म्हस्कू आला नाही.

तो गेला गोकुळच्या हॉटेलात. स्टँडसमोरचं हे हॉटेल, तिथं गोकुळ दिवसभर मोठ्यानं गाणी लावायचा. म्हस्कूनं आपल्या नातवाकडून फोनवर कोरियन पोरींचं रेकॉर्डिंग घेतलं होतं, ते त्यानं लावायला सांगितलं. गोकुळला गिऱ्हाइकाच्या मनाबाहेर जायची सवय नव्हती. एसटीची वाट बघणारी माणसं दचकली, पण बारामतीची गाडी उशिरा होती, त्यामुळं ऐकत बसली.

"म्हस्कूतात्या, नानाच्या ओट्यावर न्हाय का बसत आता?" कुणीतरी विचारलं.

"तिथं भजी तळत्यात," म्हस्कू म्हणाला.

झालं. आमच्या तालुक्यात माणसाला दोन डोळे असतात, दोन कान असतात, आणि दोन गट असतात. कशावरून पडलेत हे विचारायची पद्धत नाही, तुम्ही कुणाचे एवढंच विचारायचं. आठवडा बाजार उलटायच्या आत गावात 'भजी गट' आणि 'कोरिया गट' पडले. ज्यांनी व्हायोलिन जन्मात पाहिलं नव्हतं तेही ठासून सांगू लागले, की जुन्या माणसाच्या हाताला जी गोडी ती पोरींच्या हाताला कुठली. दुसरे म्हणू लागले, की जग कुठं चाललंय आणि हे अजून खरखरीत अडकलेत. पानमळ्यात मजुरी करणाऱ्या बायकांतही वाटण्या झाल्या. ग्रामपंचायतीला उभा राहू पाहणारा अविराज नावाचा तरुण दोन्हीकडं चहा पिऊन आला आणि म्हणाला, "आपला पाठिंबा ब्राह्म्सला हाय." त्यावर दोन्ही गटांनी त्याला नालायक ठरवलं.

नानांकडं आता दुपारी माणसांची रीघ लागायची. पण ती माणसं ऐकायची नाहीत. "वाह! नाना, वाह!" म्हणायची, तेही चुकीच्या जागी. एकानं तर रेकॉर्डिंग संपल्यावर "ह्यातलं व्हायोलिन कुठलं?" असं विचारलं. नाना माणसांच्या गराड्यात बसून कुंपणापलीकडं डाळिंबाच्या बागेकडं बघत राहायचे.

एके सकाळी भागुबाई, म्हणजे नानांच्या घरधनीण, तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "म्हस्कूरावांची सारजा आली व्हती. ते जेवत न्हाईत धड."

"मंग मी काय करू?"

"काय बोललाव तुमी त्यास्नी, ते सांगा."

नानांनी सांगितलं. अर्धं गिळून, पण सांगितलं.

भागुबाईंचा हात तांदळात थांबला. "अवो, लगीन झालं तवा पैल्याच वर्सी तुमी मला सांगितलं व्हतं. त्या मास्तराच्या घरी एक पावना आलता. त्यो इंग्रजीत म्हनला, ह्याला काय समजनार ह्यातलं. तुमाला इंग्रजी येत न्हाय आसं त्याला वाटलं. इसरलाव?"

नाना विसरले नव्हते. विसरले असते तर बरं झालं असतं. ते उठून परसात गेले आणि बराच वेळ कारण नसताना पेरूच्या झाडाला पाणी घालत राहिले.

त्या शनिवारी तेजश्री घरी आली तेव्हा गावाची ही अवस्था बघून आधी पोट धरून हसली आणि मग गंभीर झाली. "नाना, जाऊन सरळ माफी मागा."

"जाईन की. पर आता गावाचं झालंय ते. मी त्याच्या दारात गेलो, की ह्यो गट म्हननार नाना फुटला, त्यो म्हननार नाना हारला. त्याला बी बोलू देनार न्हाईत."

तेजश्रीनं विचार केला. मग तिनं गावात निरोप फिरवला: उद्या सकाळी आपल्या वस्तीतल्या समाजमंदिरात दोन्ही रेकॉर्डिंगं ऐकवणार. एक नंबर, दोन नंबर. कुठलं कुणाचं हे सांगणार नाही. ज्याला जे आवडेल त्याला हात वर करायचा. निकाल लागला की विषय संपला.

"आन् खरखर?" भागुबाईंनी विचारलं. "ती तर आंधळ्याला बी वळखू येईल."

"ते मी बघते, आई. उद्या गाव येणार म्हणजे तू भजी करणारच ना? थोडी आत्ताच तळ."

भागुबाईंनी कढई चढवली. तेजश्रीनं दार लावून घेतलं, फोन कढईजवळ धरला आणि बोट ओठांवर ठेवून आईला गप्प केलं. भागुबाईंनी श्वास रोखून एक घाणा काढला. नानांना बाहेर वास आला, पण कारण कळलं नाही.

त्या रात्री नानांनी मनाशी पक्कं केलं. उद्या हात वर करायचा तो म्हस्कूच्या पोरींसाठी. सगळ्या गावासमोर. मग गटाला काय बोंबलायचं ते बोंबलू दे.

रविवारी समाजमंदिर भरलं. डावीकडं भजी गट, उजवीकडं कोरिया गट, मधे वाट, जणू नवरा-नवरी येणार आहेत. देवकाते मंडळी आजवर इथं फक्त लग्नाच्या पंगतीला आली होती, ती आज उजवीकडं पुढं बसली. म्हस्कू स्वच्छ धोतर नेसून आला होता. त्यानं नानांकडं पाहिलं नाही. नानांनी त्याच्याकडं पाहिलं, आणि बघतच राहिले. वाळला होता गडी.

तेजश्रीनं स्पीकर टेबलावर ठेवला. "एक नंबर."

व्हायोलिन सुरू झालं, आणि पाठोपाठ चर्रर्र.

डावीकडं आनंदाची लाट आली. "आपलंच! आपलंच!" उजवीकडच्यांनी नाकं मुरडली. नानांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. हे आपल्या म्हाताऱ्याचं, तेव्हा ह्याला हात नाही, एवढाच हिशेब त्यांच्या डोक्यात होता. खरं तर ते ऐकतच नव्हते. म्हस्कूशी काय बोलायचं ह्याची जुळवाजुळव चालली होती, आणि त्यात ढोलाशेजारी वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचा उजवा कान अर्धा गेलेला, स्पीकर नेमका त्याच बाजूला.

"एक नंबर कुणाला आवडलं?"

डावीकडचा अख्खा गठ्ठा वर झाला. आणि उजवीकडं, एकटा, म्हस्कूचा हात.

कोरिया गटातला एक जण कळवळून म्हणाला, "तात्या, आपलं न्हाय ते! खाली घ्या!" म्हस्कूनं हात खाली घेतला नाही. सारजाबाई त्याच्याकडं बघून गालात हसल्या. नानांना काही सुधरेना.

"दोन नंबर," तेजश्री म्हणाली.

व्हायोलिन सुरू झालं. आणि पाठोपाठ पुन्हा चर्रर्र.

आता मात्र गोंधळ उडाला. "हे बी भजीच!" "मंग पोरी कुठं गेल्या?" "मशीन बिघडलं!" "डाव हाय, डाव!" अविराज उठून "शांतता राखा" म्हणाला, तर दोन्ही गटांनी मिळून त्याला खाली बसवलं. त्या गलक्यात कुणालाच काही ऐकू आलं नाही. नानांनी मनात गणित केलं: एक नंबर माझं होतं, म्हणजे दोन नंबर म्हस्कूचं. तेजश्रीनं विचारायच्या आधीच त्यांनी हात वर केला, आणि नीट दिसावा म्हणून उभेच राहिले.

"नाना!" भजी गट किंचाळला. "तुमी बी?"

म्हस्कूनं पहिल्यांदा नानांकडं पाहिलं.

तेजश्रीनं स्पीकर बंद केला. तिला हसू आवरत नव्हतं. "एकाला खरखर आणि दुसऱ्याला नाही, तर ऐकायच्या आधीच निकाल लागला असता. म्हणून मी स्वच्छ असलेल्याला पण खरखर लावली. काल आईनं भजी तळली, त्याची. एक नंबर कोरियाच्या मुलींचं होतं. दोन नंबर नानांच्या म्हाताऱ्याचं."

क्षणभर कुणाला उलगडा झाला नाही. मग मागच्या रांगेतल्या, पानमळ्यात मजुरी करणाऱ्या गोजरबाई जोरात म्हणाल्या, "म्हंजी भागुबाईच्या भज्याला हात वर केले व्हय रं तुमी?"

आधी बायका हसल्या. मग पुरुष, आधी समोरच्या गटाला, आणि मग, काही इलाज नाही म्हटल्यावर, स्वतःला. भजी गटाच्या ज्या माणसानं सगळ्यात आधी "आपलंच" म्हणून आरोळी ठोकली होती, तो चपला शोधायच्या निमित्तानं बाहेर गेला.

म्हस्कू जागेवरूनच म्हणाला, "नाना, तुमी माझ्या पोरी समजून हात कशापायी वर केला?"

"तुझ्याच हायेत म्हनून. आन् तू?"

"मी बी." म्हस्कूनं नाक पुसलं. "चर्रर्र आली तसं पुढचं ऐकलंच न्हाय. म्हनलं, नानाचा म्हातारा निवडून आला, की मिटंल समदं."

"आन् दोघांनी बी आपापल्यालाच हात केला की रं."

"व्हय की."

नाना मधली वाट ओलांडून गेले. बोलायची सगळी जुळवाजुळव वाटेतच सांडली. ते म्हस्कूसमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्या दिवशी मी तुला जे बोललो, ते मला एकदा एका मानसानं ऐकवलं व्हतं. मला ते अजून टोचतंय. आन् तेच मी तुला बोललो. म्हस्कू, माझं चुकलं."

म्हस्कूनं पागोटं सारखं केलं. मग म्हणाला, "आता मोठ्यानं बोलू नगा. मानसं बगायल्यात."

बाहेर भज्यांची परात आली तशी माणसं तिकडं वळली आणि दोन्ही गट एकाच परातीभोवती गोळा झाले. गट काही मोडले नाहीत, आमच्याकडं ते मोडत नसतात. पुढं ते एका वळण-रस्त्याच्या वादावरून पुन्हा नीट उभे राहिले. पण ब्राह्म्सला त्यांनी त्या दिवशीच सोडून दिलं.

घरी जाताना दोघं मळ्याच्या बांधावरून चालले. डाळिंबाला नुकतीच फुलं धरली होती. मग नानांनी वर्षभरात कधी न विचारलेली गोष्ट विचारली.

"म्हस्कू, डोळे मिटून बसतोस तवा तुला काय ऐकू येतं रं?"

बांधावरचं एक ढेकूळ म्हस्कूनं पायानं बाजूला केलं.

"मी ल्हान असताना आमी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकनात उतरायचो. आई पुढं, घोड्यावर बिऱ्हाड लादून. बाप मागं, मेंढरासंगं. मधी अख्खी खिंड. दिसभर येकमेकाचं त्वांड दिसायचं न्हाय. मंग आई पुढनं येक हाळी द्यायची. त्यात सबूद नसायचा, निस्ती हाळी. बाप मागनं तशीच द्यायचा. पर तशीच न्हाय, जरा निराळी. तिचं ऐकून वाकवलेली. मी मधी असायचो, घोड्याच्या बाजूनं. मला दोन्ही ऐकू यायच्या, आन् भ्या वाटायचं न्हाय." तो थांबला. "ती पोरगी फिडल वाजवती आन् ती दुसरी पेटीवर जवाब देती, तवा मी त्या खिंडीत असतो. तुमच्या म्हाताऱ्याच्यात बी असतंय ते. पर भज्यामुळं पेटीवाला लांब ऱ्हातो. मला बाप ऐकू येत न्हाय. म्हनून म्हनत व्हतो."

नाना चालायचे थांबले.

"तुमाला काय येतं ऐकू?" म्हस्कूनं विचारलं.

नानांनी खरंच विचार केला. "मी बँडचा मानूस. जन्मभर कोन चुकतंय तेच ऐकत आलो. म्हाताऱ्याचं मला पाठ हाय, त्यो कुठं चुकतो ते बी पाठ हाय. म्हनून त्याच्यापाशी निवांत वाटतं."

"मंग पोरींत चूक घावली का?"

"न्हाय."

"म्हंजी तुमाला कामच न्हाय तितं."

नाना हसले. पलीकडून सारजाबाईंचा आवाज आला, कालवडीनं दावं तोडलं होतं. म्हस्कू "आलो, आलो" म्हणत धोतर सावरून पळाला. थोडं पळून तो मागं वळला आणि नानांना म्हणाला, "चला की वो तुमी बी! येकट्यानं धरवनार हाय का ती?"

नानांनी विजारीचे पाय वर दुमडले आणि निघाले.